मृताची संमती : मरणोत्तर प्रजनन व अंत्यकालीन उपचार यांतील एक समान प्रश्न

ठाण्याच्या खाडीकाठचे तुर्भे हे कोळ्यांचे जुने गाव. इंग्रजी लेखनात त्याचे ट्रॉम्बे झाले, १९५४ साली तेथे अणुसंशोधनाचे केंद्र उभे राहिले, आणि पुढे मराठी माणसानेही हेच रूप स्वीकारले. या केंद्राचे नाव निघाले की अणुभट्ट्या आठवतात. परंतु तेथील कामाची एक शाखा थेट रुग्णशय्येपर्यंत पोहोचते. भट्ट्यांत तयार होणारी किरणोत्सारी द्रव्ये रोगनिदानासाठी व उपचारासाठी रुग्णालयांकडे जातात. कोबाल्टच्या साहाय्याने कर्करोगावर किरणोपचार करणारे ‘भाभाट्रॉन’ हे यंत्रही ट्रॉम्बे येथेच विकसित झाले. परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९६२ पासून अणुऊर्जा खात्याच्याच कक्षेत आहे.

असे उपचार सुरू होण्यापूर्वी तरुण रुग्णाला एक गोष्ट समजावून सांगावी लागते. किरणे व तीव्र औषधे वेगाने विभागणाऱ्या पेशींचा नाश करतात, आणि ज्या पेशींपासून शुक्रजंतू उत्पन्न होतात त्याही या तडाख्यात सापडतात. पुढे अपत्य व्हावे असे वाटत असेल तर वीर्य आधीच काढून ठेवले पाहिजे. द्रवरूप नायट्रोजनमध्ये, शून्याखाली १९६ अंश तपमानात, ते वर्षानुवर्षे टिकते. ते साठविताना रुग्णापुढे एक छापील कागद ठेवतात, व त्यात एक प्रश्न असतो: तुमचा मृत्यू झाल्यास या नमुन्याचे काय करावे?

रोग हटला नाही तर त्याच रुग्णाच्या बाबतीत कालांतराने दुसरा प्रश्न उद्भवतो. श्वासोच्छ्वासाचे यंत्र लावावे काय, लावलेले चालू ठेवावे काय, नळीने अन्न द्यावे काय? हा प्रश्न निघतो तेव्हा बहुधा तो बोलण्याच्या अवस्थेत नसतो. म्हणून त्याचे उत्तर पूर्वीच लिहून ठेवण्याची सोय अलीकडे करण्यात आली आहे. पहिला प्रश्न जन्माचा, दुसरा मरणाचा. वैद्यकात त्यांचे विभाग वेगळे, विधिशास्त्रात त्यांचे नियम वेगळे. भाषेच्या दृष्टीने पाहू जाता मात्र दोहोंचा गाभा एक आहे: जो आता बोलू शकत नाही, त्याचे पूर्वीचे बोलणे नेमक्या कोणत्या प्रश्नाचे उत्तर होते?

‘मौन हे संमतीचे लक्षण’ हे वचन संस्कृतातून मराठीत येऊन म्हणीसारखे रुळले आहे. लग्नाच्या बोलणीपासून सभेतील ठरावापर्यंत त्याचा आधार घेतला जातो. या वचनाचा उपयोग ज्याला विचारता येते पण जो उत्तर देत नाही अशाच्या बाबतीत आहे, हे सहसा ध्यानात येत नाही. बेशुद्धाचे किंवा मृताचे मौन या जातीचे नव्हे. त्यातून होकार काढता येत नाही, तसा नकारही काढता येत नाही.

येथे तीन शब्द वेगळे ठेवणे इष्ट आहे: इच्छा, संमती आणि निर्देश. इच्छा एकट्याची असू शकते, ती मनातच राहू शकते, व ती दुसऱ्यास कळलीच पाहिजे असे नाही. संमती हा शब्द ‘सम्’ हा उपसर्ग व ‘मन्’ हा धातू यांपासून झालेला आहे. दुसऱ्याच्या मताशी आपले मत जुळणे हा त्याचा मूळ भाव होय. म्हणून ती कोणाला तरी व कशाला तरी द्यावी लागते. मराठीची वाक्यरचनाच याची साक्ष देते. ‘त्याची इच्छा होती’ असे म्हटल्यावर तिचा विषय कळला नाही तरी एका माणसाच्या मनाची अवस्था कळते; ‘त्याची संमती होती’ असे म्हणताच ऐकणारा विचारतो, ‘कशाला?’ निर्देशात तर पुढे कोणी काय करावे हेही सांगितलेले असते. न्यायालयांपुढे आलेली प्रकरणे पाहता, वादाचे मूळ पुष्कळदा या तीन शब्दांची अदलाबदल होण्यात आहे असे दिसून येते.

पुण्यातील प्रकरण प्रथम घेणे सोयीचे आहे. जर्मनीत शिक्षणासाठी गेलेल्या तेथील एका तरुणास २०१३ साली मेंदूच्या गाठीचे निदान झाले. उपचारांपूर्वी त्याचे वीर्य तेथेच साठविण्यात आले, व आपल्यामागे त्याचा विनियोग कोणी करावा म्हणून त्याने आई व बहीण यांची नावे दिली. २०१६ साली तो पुण्यात वारला. आईने नमुना भारतात आणविला. दात्या स्त्रीचे बीजांड घेऊन गर्भ तयार करण्यात आले, नात्यातील एका स्त्रीने ते उदरी वाहिले, आणि २०१८ च्या फेब्रुवारीत पुण्याच्या रुग्णालयात एक मुलगा व एक मुलगी अशी जुळी जन्मास आली. त्या काळी या विषयावर भारतात संसदेचा कायदा नव्हता. तथापि मृताने कागदावर नावे लिहिली होती, आणि नावे लिहिणे हे केवळ इच्छेपेक्षा निश्चितच अधिक होय.

दिल्लीचे प्रकरण याहून अवघड. तेथील एका अविवाहित तरुणाचे वीर्य २०२० साली कर्करोगाच्या उपचारापूर्वी साठविले होते. त्याच वर्षी तो निवर्तला. आईवडिलांनी नमुना मागितला, रुग्णालयाने तो देण्याचे नाकारले, व वाद उच्च न्यायालयात गेला. ४ ऑक्टोबर २०२४ रोजी न्यायमूर्ती प्रतिभा सिंह यांनी नमुना आईवडिलांच्या हवाली करण्याचा आदेश दिला. संमती दाखविता येत असेल तर मरणोत्तर प्रजननास भारतीय कायद्यात मनाई नाही, असे त्यांनी म्हटले. ती दाखविता कशी आली? तरुण अविवाहित होता, त्याने नमुना अपत्यप्राप्तीच्याच हेतूने जपून ठेवविला होता, यावरून. हा तर्क समजण्यासारखा आहे. परंतु त्यात इच्छेवरून संमती काढलेली आहे. ‘मला अपत्य व्हावे’ आणि ‘मी नसताना मला अपत्य व्हावे’ या दोन वाक्यांतील अंतर या तर्काने ओलांडले. साठविणाऱ्याने केवळ पहिलेच वाक्य मनात धरले असण्याचा संभव मोठा आहे. कारण उपचार घेणारा माणूस बरा होण्यासाठीच उपचार घेत असतो.

तिसरे प्रकरण मुंबईचे, व तेच सर्वांत बोचणारे. २०२५ साली कर्करोगाने मरण पावलेल्या एका अविवाहित तरुणाने वीर्य साठविताना, मृत्यूनंतर नमुना नष्ट करावा, या पर्यायास मान्यता दिली होती. घरच्यांशी विचारविनिमय न करता त्याने ती दिली, असे आईचे म्हणणे. तिने मुंबई उच्च न्यायालयाचा आश्रय घेतला, आणि नमुना नष्ट झाला तर याचिकेस अर्थच उरणार नाही हे जाणून न्यायालयाने जून २०२५ मध्ये तो जपून ठेवण्याचा अंतरिम आदेश दिला. पुण्यास शब्द होता, दिल्लीस शब्द अनुमानाने मिळविला. येथे शब्द स्पष्ट होता पण तो आईच्या मागणीच्या उलट होता.

२५ जानेवारी २०२२ पासून अमलात आलेला साहाय्यित प्रजनन तंत्रज्ञानाचा कायदा या बाबतीत फार थोडे सांगतो. मृत्यूनंतर बीजपेशी काढून घ्यावयाच्या असल्यास दाम्पत्याची पूर्वसंमती असली पाहिजे, एवढे त्यात आहे. या वाक्याचा कर्ता दाम्पत्य आहे. अविवाहित मृत आणि त्याचे आईवडील या व्याकरणात बसतच नाहीत. इतर देशांनीही एकच वाट धरलेली नाही. इंग्लंडच्या १९९० च्या कायद्यास लेखी संमती हवी. डायान ब्लड या स्त्रीने बेशुद्ध पतीचे वीर्य लेखी संमतीवाचून घेतलेले असल्यामुळे तिला तेथे उपचार मिळेनात. १९९७ साली न्यायालयीन लढ्यानंतर ते बेल्जममध्ये नेण्याची मोकळीक मिळाली. फ्रान्सने २०२१ च्या सुधारणेतही मरणोत्तर प्रजननावरील बंदी कायम ठेवली. इस्राएलने २००३ च्या मार्गदर्शनात मृत पतीची इच्छा गृहीत धरण्याचे तत्त्व पत्नीच्या बाजूने मान्य केले. एके ठिकाणी शब्द, दुसरीकडे निषेध, तिसरीकडे अनुमान.

बापाच्या मरणानंतर जन्मणारे मूल महाराष्ट्राला अपरिचित नाही. १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा खून झाला तेव्हा गंगाबाई गरोदर होत्या. बारभाईंनी त्यांना पुरंदरावर ठेवले, न जन्मलेल्या धन्याच्या भरवशावर कारभार केला, व १७७४ च्या एप्रिलात सवाई माधवराव जन्मले. पिता मृत्यू पावतेवेळी जे मूल उदरात आहे व पुढे जिवंत जन्मते, त्याला पित्याच्या हयातीत जन्मल्याप्रमाणे वारसा मिळतो, हे तत्त्व हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या २० व्या कलमातही आहे. त्याचा सारा भार ‘उदरात’ या एका शब्दावर आहे. पुण्याची जुळी मुले त्या शब्दाच्या बाहेर राहतात. पिता वारला तेव्हा त्यांचा गर्भच नव्हता.

याहून जवळचा पूर्वदाखला महाभारतात आहे. विचित्रवीर्य निपुत्रिक वारला. वंश खुंटू नये म्हणून त्याची आई सत्यवती हिने सुनांच्या ठिकाणी व्यासाकरवी संतती उत्पन्न करविली. मृत मुलाची आई वंशासाठी पुढे होते, हे साम्य लक्षणीय आहे. पण धर्मशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर येथे क्षेत्र मृताचे व बीज दुसऱ्याचे होते, म्हणून पुत्र ‘क्षेत्रज’. आज बीज मृताचे असते व क्षेत्र दुसऱ्याचे. औरस, क्षेत्रज, दत्तक, कानीन अशी पुत्रांची बारा नावे देणाऱ्या परंपरेजवळ या पुत्रासाठी नाव नाही. नियोग पुढे कलिवर्ज्यांत गणला गेला. त्या कथेतील आणखी एक तपशील मात्र येथे उपयोगी आहे. अंबिकेने पहिल्या खेपेस डोळे मिटून घेतले. दुसऱ्या खेपेस तिने स्वतः न जाता दासीला पाठविले. तिच्या तोंडी नकाराचे वाक्य नाही. सासूसमोरचे तिचे मौन संमतीचे खासच नव्हते, आणि कथाकाराला ते ठाऊक आहे.

आता दुसरा प्रश्न. त्याची चर्चाही मुंबईतच, आणि परळलाच, सुरू झाली. किंग एडवर्ड स्मारक रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी अत्याचार झाला, मेंदूला प्राणवायू न मिळाल्याने त्या कायमच्या अचेतनप्राय झाल्या, व त्याच रुग्णालयात १८ मे २०१५ रोजी वारल्या. एकेचाळीस वर्षे सहकारी परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांची शुश्रूषा केली. लेखिका पिंकी विराणी यांनी त्यांच्या वतीने सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला होता. ७ मार्च २०११ च्या निकालात न्यायालयाने, उच्च न्यायालयाच्या संमतीने जीवनाधार काढून घेण्याचा मार्ग तत्त्वतः मोकळा केला. परंतु या रुग्णाच्या बाबतीत अर्ज फेटाळला. कारण भाषेच्या अभ्यासकाने पाहण्यासारखे आहे. जिचा स्वतःचा शब्द उरला नाही तिच्या वतीने बोलावयाचे कोणी, असा प्रश्न होता. आणि न्यायालयाने तो अधिकार ग्रंथ लिहिणाऱ्या स्नेह्यापेक्षा रोज अंग पुसणाऱ्या व घास भरविणाऱ्या रुग्णालयातील मंडळींना दिला. त्यांना तिने जगावे असे वाटत होते.

वृत्तपत्रांनी या निकालास ‘इच्छामरणाचा निकाल’ म्हटले. शब्द सुंदर, परंतु येथे अगदी गैरलागू. इच्छामरण हा भीष्माला मिळालेला वर. मरणाची घटका स्वतः निवडण्याचे सामर्थ्य असा त्याचा अर्थ. प्रायोपवेशनातही माणूस स्वतः कर्ता असतो. सावरकरांनी १९६६ साली अन्न व औषध वर्ज्य केले, विनोबांनी १९८२ साली पवनार येथे तेच केले, आणि दोघेही शुद्धीवर असताना त्यांनी ते ठरविले. अचेतन रुग्णाच्या ठिकाणी इच्छा वर्तमानकाळात नसतेच. २०१८ च्या आरंभी गिरगावातील एका वृद्ध, पण दुर्धर रोग नसलेल्या, दाम्पत्याने राष्ट्रपतींकडे मरणाची परवानगी मागितली, तेव्हा तिलाही इच्छामरण हाच शब्द वापरला गेला. एकच शब्द इतक्या भिन्न गोष्टींना पुरविला की वाचकाच्या मनात दोन्ही एक होतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१८ साली परिभाषा निश्चित करताना ‘निष्क्रिय इच्छामरण’ या अर्थाचा इंग्रजी शब्दप्रयोग टाळण्यास सांगितले, ते उचितच झाले. कारण तेथे मरण दिले जात नाही, निरुपयोगी ठरलेला उपचार थांबविला जातो. मराठीत मात्र जुना शब्द चालूच आहे, आणि त्याचा परिणाम कागदावर थांबत नाही. ‘इच्छामरणाच्या कागदावर सही करा’ असे ऐकणाऱ्या मुलाला आपण बापाचे मरण मागत आहोत असे वाटते. ‘हा उपचार आता नको, वेदनाशमन व शुश्रूषा चालू राहील’ असे त्याला सांगितले तर तो वेगळ्या गोष्टीवर सही करील.

रुग्णालयांच्या बोलीत याला एक पर्यायी वाक्य आहे: ‘आता घरी न्या, सेवा करा.’ या वाक्यात मरणाचा उच्चार नाही, उपचार थांबविल्याचा उच्चार नाही, आणि प्रश्नही नाही. नातेवाईक गप्प राहतात व गाडी बोलावतात. मौन हे संमतीचे लक्षण, हे वचन येथे प्रत्यक्ष व्यवहारात उतरते. त्या वाक्यात कारुण्य आहे हे नाकारता येत नाही. पण घरी नेल्यावर वेदनाशामक कोणी द्यावयाचे, धाप लागली तर काय करावयाचे, हे ते सांगत नाही. म्हणून उपशामक उपचारांची व्यवस्था नसेल तर त्या ‘सेवे’चा भार सर्वस्वी घरातील बायकांवर पडतो.

९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने सन्मानाने मरण्याचा अधिकार घटनेच्या २१ व्या अनुच्छेदात अंतर्भूत आहे असे ठरविले, व शुद्धीवर असताना लिहिलेल्या पूर्वनिर्देशास मान्यता दिली. त्यावर दोन साक्षीदारांखेरीज न्यायदंडाधिकाऱ्याची सही हवी होती. ही अट इतकी जड होती की तरतूद बव्हंशी कागदावरच राहिली. २४ जानेवारी २०२३ च्या आदेशाने त्याऐवजी नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसा मानला. उपचार थांबविण्यापूर्वी तीन-तीन वैद्यांच्या दोन मंडळांनी एकामागून एक मत द्यावयाचे, आणि निर्देशाची प्रत स्थानिक संस्थेने नेमलेल्या अभिरक्षकाकडे ठेवावयाची, असेही ठरले. हे अभिरक्षक नेमले जात नव्हते. मुंबईतील स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार यांनी उच्च न्यायालयात याचिका केल्यावर २०२४ साली राज्यात नेमणुका झाल्या, व मुंबई महानगरपालिकेने आपल्या प्रशासकीय विभागांतील आरोग्य अधिकाऱ्यांकडे हे काम दिले. ट्रॉम्बे ज्यात मोडते त्या एम-पूर्व विभागातही, म्हणजे गोवंडी व मानखुर्दच्या वस्त्यांसह, ही व्यवस्था लागू आहे.

या कागदाला मराठीत काय म्हणावे याबद्दल अजून गोंधळ आहे. ‘जिवंत मृत्युपत्र’ हे भाषांतर ऐकताच त्यातील विसंगती बोचते. मृत्युपत्र मरणानंतर अमलात येते, हा कागद मरणापूर्वी; मृत्युपत्रात वस्तूंची वाटणी असते, यात स्वतःच्या देहाविषयी सूचना. ‘वैद्यकीय इच्छापत्र’ हे त्यापेक्षा बरे. तरीही ‘पूर्वनिर्देश’ अधिक नेमका, कारण त्यात कोणी काय करू नये हे सांगितलेले असते आणि ज्यांच्याशी विचारविनिमय व्हावा त्यांची नावे असतात.

दोन्ही कागद शेजारी ठेवले असता एक असमानता लगेच दिसते. मरणाच्या कागदाला दोन साक्षीदार, प्रमाणन, अभिरक्षक, व दोन वैद्यकीय मंडळे. जन्माच्या कागदाला, म्हणजे ज्याच्या परिणामी एक नवी व्यक्ती जगात येणार त्याला, नमुना साठविण्याच्या अर्जातील एक चौकट. खरे तर काळजीचा क्रम उलट हवा. अंत्यकाळी शब्द नसला तरी रुग्ण स्वतः तेथे आहे. त्याचे हित वैद्य आणि नातेवाईक त्याच्या चेहऱ्यावरून, श्वासावरून, अनेक वर्षांच्या सहवासावरून ठरवू शकतात, व चुकले तरी ते त्याच्याच हितासाठी चुकतात. मरणोत्तर प्रजननात मृताचे हित असे काही उरलेले नसते. उरते ते आईवडिलांचे दुःख आणि न जन्मलेल्या मुलाचे भवितव्य. या दोहोंना त्याची इच्छा म्हणता येणार नाही. म्हणून पहिल्या ठिकाणी अनुमानास जेवढी जागा देता येते तेवढी दुसऱ्या ठिकाणी देता येणार नाही. दिल्लीच्या निकालातील करुणा मान्य करूनही त्यातील अनुमान सैल वाटते, ते या कारणाने.

मग मुंबईच्या आईला काय उत्तर द्यावयाचे? मुलाने लिहिलेला शब्द पाळावा, हे वरील विवेचनाचे सरळ फलित आहे. परंतु तो शब्द कोणत्या प्रश्नाचे उत्तर होता, हे आधी पाहिले पाहिजे. असे कागद पुष्कळदा इंग्रजीत असतात, रोगाचे निदान होऊन थोडे दिवस झालेले असताना व उपचाराची घाई असताना ते भरले जातात, आणि त्यांतील प्रश्न नमुन्याविषयी असतो. ‘नमुना नष्ट करावा’ हे एक वाक्य. ‘माझ्यामागे माझ्या बीजापासून मूल जन्मास घालू नये’ हे दुसरे. पहिल्याचा विषय शीतपेटीतील कुपी आहे, दुसऱ्याचा विषय पितृत्व. पहिल्यावर खूण करणाऱ्याच्या मनात दुसरे असू शकेल, किंवा केवळ साठवणीचा खर्च घरच्यांवर पडू नये एवढेच असू शकेल. खुणेवरून ते सांगता येत नाही, आणि विचारावयास तो नाही.

यास्तव प्रश्न वेगळे करूनच विचारले पाहिजेत, व ते रुग्णाच्या भाषेत, कर्ता स्पष्ट ठेवून: माझ्या मृत्यूनंतर माझ्या बीजाचा उपयोग अपत्यासाठी व्हावा काय, झाल्यास तो पत्नीने, आईवडिलांनी की आणखी कोणी करावा, मृत्यूनंतर किती काळपर्यंत, आणि हे मी कोणाशी बोललो आहे. पहिल्या सहीनंतर, उपचारांच्या मध्यंतरात केव्हातरी, ही उत्तरे पुन्हा एकदा वाचून दाखवावीत, व ती बदलण्यास जागा ठेवावी. पूर्वनिर्देशासाठी जे साक्षीदार व जी नोंद लागते तीच येथेही लावता येईल. विभाग कार्यालयातील आरोग्य अधिकारी ज्या कपाटात एक कागद ठेवतो, त्याच कपाटात दुसरा ठेवण्यास अडचण असण्याचे कारण दिसत नाही.